लँडिंग गिअर ओव्हरहॉलची ऑफर घ्यावी का? शॉप आणि लाइन, दोन्हीकडून

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका तरुणाने मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि त्यावर विमान देखभालीचा कोर्स केलाय. लँडिंग गिअर, म्हणजे विमानाचे चाकांसकट पाय, उतरवून पूर्ण खोलून दुरुस्त (ओव्हरहॉल) करणाऱ्या एका शॉपची ऑफर हातात आहे. मित्र सांगतायत, ‘तिकडे नुसतं लोखंड घासत बसशील, खरं विमान बघायचं तर लाइनला जा.’ गिअरच्या टेक्निशियनचं काम नेमकं काय असतं, धोका किती आणि पुढे वाट आहे का, हे त्याला हवंय.

मी तिन्ही ठिकाणी काम केलंय. आधी मुंबईत लाइनला, म्हणजे विमानतळावर दोन उड्डाणांमधल्या देखभालीला, मग मोठ्या तपासण्यांसाठी हँगरला आणि नंतर आखातात गिअर शॉपला. मित्रांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शॉपमध्ये विमान दिसत नाही, दिसतात ते स्टँडवर चढवून आणलेले सुटे पाय. पण ज्याला ते लोखंड घासणं म्हणतात त्यातच या कामाचा जीव आहे. गिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आदळून मोडलेला पाय येतो. मी ज्या भानगडी पाहिल्या आणि वाचल्या, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात मात्र विमान जमिनीवर शांत उभं असताना झालेली आहे. कुठे ओरखडा राहिला, कुठे पाणी शिरलं, कुठे टायरमध्ये हवा कमी होती, कुठे पिन भलत्या भोकात गेली. या बारीक गोष्टी ज्याला दिसतात आणि त्या दिसल्यावर जो काम थांबवतो, तो चांगला गिअर टेक्निशियन.

असं का, ते धातूपासून सांगतो. ए३२० सारख्या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ७८ टनांच्या आसपास. इंजिनं दोन असतात, हायड्रॉलिक सिस्टिम तीन असतात, कॉम्प्युटर तर पुष्कळ. डावा मेन गिअर, म्हणजे पंखाखालचा मुख्य पाय, मात्र एकच. तो आटोपशीर राहून पोटात मावला पाहिजे, म्हणून ३००एम सारखं अतिशय ताकदीचं पोलाद वापरतात. स्लॅबमध्ये आपण एफई ५०० सळई घालतो, तिचा आकडा ५०० मेगापास्कल. ३००एम तुटायला १,९०० च्या पुढे लागतात. पण इतकं ताकदवान पोलाद तितकंच हळवं असतं. साध्या लोखंडाला खोच पडली तर ते वाकतं, ताण वाटून घेतं. हे पोलाद खोचेपासून तडकतं. म्हणून गिअरच्या मुख्य भागांना ‘तडा जाईल, तो वाढताना सापडेल, मग बदलू’ हा हिशेब लावत नाहीत. तडा पडायच्या कितीतरी आधी, ठरलेल्या लँडिंगनंतर, भाग दिसायला कितीही नवा असला तरी बाद करतात. आणि साधारण दहा वर्षं किंवा वीसेक हजार लँडिंग, जे आधी होईल तेव्हा, अख्खा गिअर उतरवून ओव्हरहॉलला जातो. नेमके आकडे विमानाप्रमाणे आणि मेंटेनन्स प्रोग्रामप्रमाणे बदलतात.

शॉपमध्ये गिअर आला की तो पार शेवटच्या बुशपर्यंत, म्हणजे जोडाच्या भोकात बसवलेल्या धातूच्या नळीपर्यंत, सुटा होतो. रंग उतरतो, कॅडमियमचा मुलामा उतरतो, झिजलेला क्रोम उतरतो आणि मग उघड्या पोलादाची तपासणी सुरू होते. मॅग्नेटिक पार्टिकलच्या अंधाऱ्या खोलीत भागाला चुंबकीय करून त्यावर चमकणाऱ्या कणांचं द्रावण सोडतात आणि यूव्ही दिव्याखाली बघतात. तडा असेल तर केसाइतकी हिरवी रेघ उजळते. खोलीत गेल्या गेल्या काही दिसत नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. उन्हात काळे होणारे चष्मे तिथे चालत नाहीत, कारण यूव्हीतही ते काळे होतात. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात प्रत्येक चमकणाऱ्या धाग्याला तडा म्हणतात. ते बरं. धागा म्हणून तडा पुसून टाकणाऱ्यापेक्षा ही पोरं परवडली.

मग ग्राइंडिंग. इथे एक न दिसणारा धोका आहे. क्रोम किंवा पोलाद घासताना चाक जरा जोरात लागलं, थंड करणारं द्रव (कुलंट) जरा कमी पडलं, की तेवढी जागा तापून पोलादाची घडण बदलते. वरून आरशासारखी दिसते. नायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने पृष्ठभाग किंचित खाऊ दिल्यावर (याला एच करणं म्हणतात) जळलेली जागा वेगळ्या छटेत उठून दिसते. क्रोम चढलेला असेल तर खालच्या पोलादाला एच करता येत नाही, तिथे बार्कहाउझन नॉइज नावाची चुंबकीय चाचणी लावतात. असा ‘बर्न’ निघाला तर मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेत तो काढून टाकायचा. मर्यादेपलीकडे असला तर लाखोंचा भाग भंगारात.

प्लेटिंगचंही तसंच. कॅडमियम किंवा क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तो तसाच राहिला तर भाग बेंचवर पडल्या पडल्या, काहीही भार नसताना, काही दिवसांनी तडकू शकतो. म्हणून प्लेटिंगनंतर ठरलेल्या तासांच्या आत भाग भट्टीत जातो आणि १९० अंशांच्या आसपास जवळपास पूर्ण दिवस भाजला जातो. शिफ्ट बदलताना ‘भट्टीत नंतर टाकतो’ हे वाक्य ऐकू आलं तर मी उठून जातो आणि घड्याळ बघतो. याच कारणाने लाइनवर कुणी गिअर साफ करायला हाताला लागेल तो ॲसिडवाला क्लीनर किंवा पेंट रिमूव्हर आणला तर त्याचा हात धरायचा. गिअर चकचकीत होईल, पण आत काय शिरलं ते कुणाला दिसणार नाही.

मला स्वतःला शॉपमधलं सगळ्यात आवडणारं काम म्हणजे बुश बसवणं. बुश भोकापेक्षा किंचित मोठी असते. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, उकळणं थांबेपर्यंत बुडवून ठेवायची. उकळणं थांबलं म्हणजे बुश पूर्ण आकसली. चिमट्याने बाहेर काढायची आणि सरळ, तिरकी न करता, भोकात सोडायची. हातात काही सेकंदच असतात. तिरकी बसली तर ती मध्येच फुगते आणि मग काढताना भोक खराब होतं. दोघांनी आधी न गारठवलेली बुश घेऊन हालचालीची तालीम करायची आणि मगच थंड बुश उचलायची. ग्रीसचं भोक कुठल्या दिशेला आहे, हेही तालमीतच बघायचं. बुश बसल्यावर ते भोक भिंतीकडे निघालं तर पुढची दहा वर्षं त्या जोडाला ग्रीस मिळणार नाही.

ग्रीसवरून लाइनकडे येतो. ग्रीस मारणं हे शिकाऊ पोराचं काम समजलं जातं आणि ते तसं समजणं चूक आहे. जोडावरच्या ग्रीस भरायच्या तोंडाला (निपलला) गन लावायची आणि जोडातून जुनं, काळं ग्रीस बाहेर येऊन नवं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबायची. जुनं बाहेर येतच नसेल तर वाट बुजली आहे, ते लिहायचं. ‘दोन स्ट्रोक मारले’ म्हणून सही करायची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात चाकांनी उडवलेलं पाणी सरळ जोडांवर येतं, मुंबईत त्यात खारी हवा. विमान धुताना प्रेशर जेट जोडावर धरला तर ग्रीस निघून जातं आणि पाणी आत बसतं. धुतल्यावर पुन्हा ग्रीस हवंच.

ओलावा काय करतो याचं उदाहरण हवं असेल तर २००७ चा सप्टेंबर बघा. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या दोन डॅश ८ क्यू४०० विमानांचं मेन गिअर तीन दिवसांच्या अंतराने लँडिंगला बसलं, एक डेन्मार्कमधल्या आल्बोर्गला, दुसरं लिथुएनियातल्या व्हिल्नियसला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. गिअर आत-बाहेर करणाऱ्या हायड्रॉलिक दांड्याच्या, म्हणजे ॲक्च्युएटरच्या, टोकाच्या आट्यांमध्ये गंज शिरलेला होता. आटे झिजले आणि जोड सुटला. बाहेरून ते टोक ठीकठाकच दिसतं. ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनला त्याच कंपनीच्या तिसऱ्या विमानाचं गिअर बसलं, त्याचं कारण वेगळं निघालं, ॲक्च्युएटरमध्ये अडकलेली एक ओ-रिंग. त्यानंतर कंपनीने ती विमानं वापरणंच बंद केलं. एका आट्यातला गंज आणि एक रबरी कडी, एवढंच.

टायरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लाइनवर सगळ्यात जास्त हलगर्जी मी तिथेच पाहिली. ए३२० च्या मेन टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं, तुमच्या गाडीच्या सहापट. एका ॲक्सलवर दोन टायर असतात आणि खरी गोम इथेच आहे. एकातली हवा कमी झाली तर शेजारचा भार उचलतो, त्यामुळे कमी हवेचा टायर बसलेला दिसत नाही. लाथ मारून किंवा बघून काही कळत नाही, गेजच लावावा लागतो आणि तोही टायर थंड असताना, लँडिंगनंतर किमान दोन-तीन तासांनी. चांगला टायरही दिवसाला पाच टक्क्यांपर्यंत प्रेशर सोडू शकतो. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण नियम असा की प्रेशर ठरलेल्याच्या ९० टक्क्यांखाली गेलं तर तो टायर काढा आणि ८० च्या खाली गेलं तर शेजारचाही काढा. शेजाऱ्याने काही दोष न करता जास्तीचा भार वाहिलेला असतो आणि त्याच्या आत काय झालंय ते बाहेरून सांगता येत नाही.

११ जुलै १९९१ ला जेद्दाहून नायजेरियाचे हज यात्रेकरू घेऊन निघालेल्या नेशनएअरच्या डीसी-८ मध्ये हेच झालं. टायरमध्ये प्रेशर कमी आहे हे जमिनीवरच्या लोकांना माहीत होतं. नायट्रोजन लगेच हाताशी नव्हता आणि विमानाला उशीर नको होता. धावताना जोडीतला जास्त भार घेणारा टायर आधी गेला, मग दुसरा. चाक फिरायचं थांबून रनवेवर घासलं, पेटलं आणि ते पेटतं चाक गिअरबरोबर पोटात गेलं. २६१ माणसं गेली. उशीर झाला असता तर फारतर काही तासांचा.

टायरमध्ये नायट्रोजनच का, साधी हवा का नाही, हे मुलाखतीत विचारतात. ओलावा आणि रबराचं वय हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकानाचं बोइंग ७२७ पडलं, १६७ माणसं गेली. ब्रेक तापलेला, टायरमध्ये हवा भरलेली. गरम रबरातून सुटलेले वायू आणि हवेतला ऑक्सिजन मिळून टायरचा स्फोट झाला. त्यानंतर नायट्रोजनची सक्ती आली.

स्ट्रटचं, म्हणजे गिअरमधल्या धक्के झेलणाऱ्या नळकांड्याचं, सर्व्हिसिंग हे दुसरं काम, जिथे आकडा बरोबर दिसून काम चुकीचं असू शकतं. आत तेल आणि नायट्रोजन दोन्ही असतात. नायट्रोजन स्प्रिंगचं काम करतो. आदळण्याची ऊर्जा मात्र तेल खातं, बारीक छिद्रातून ढकललं जाताना तापून. बाहेरून तुम्हाला दिसतं ते फक्त एवढंच: चकचकीत क्रोम किती बाहेर आहे आणि प्रेशर किती. ते तक्त्याशी जुळवायचं. आता समजा सील गळून तेल कमी झालं आणि स्ट्रट खाली बसला. कुणीतरी नायट्रोजन मारून उंची बरोबर केली. त्या वजनाला तक्ता जुळतो, सही होते आणि तेल कमीच राहतं. पुढच्या जरा जोराच्या लँडिंगला स्ट्रट टोकापर्यंत जाऊन धातूवर धातू आदळतो. म्हणून एकाच स्ट्रटला वारंवार नायट्रोजन लागत असेल तर मागच्या काही दिवसांचं लॉगबुक चाळायचं. रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन वजनांना आकडे घेतले तर तेलाची तूट उघडी पडते. मग नायट्रोजन सोडून, स्ट्रट पूर्ण दाबून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तेल भरणं, हाच इलाज. काम वेळखाऊ आहे आणि रात्री तीन वाजता कुणालाच नको असतं.

आणि तेल कुठलं हे बघा. ए३२० च्या स्ट्रटमध्ये लाल खनिज तेल, ब्रेक आणि ॲक्च्युएटरमध्ये स्कायड्रॉल नावाचं जांभळं हायड्रॉलिक तेल. दोघांचे सील वेगळ्या रबराचे. भलतं तेल भलत्या सीलला लागलं की सील फुगून मऊ पडतो.

आता अंगावर येणाऱ्या गोष्टी. गिअरचे दरवाजे हायड्रॉलिकवर चालतात आणि माणूस आहे म्हणून थांबत नाहीत. दरवाजाच्या ॲक्च्युएटरला तो हलू न देणारी सेफ्टी कॉलर घातल्याशिवाय व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकं आत जातात त्या पोकळीत, डोकं घालायचं नाही, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणालात तरी नाही. तापलेल्या चाकाकडे पुढून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही, कारण रिम फुटली तर तुकडे बाजूला जातात. चाक दोन अर्ध्यांचं असतं, बोल्टांनी जोडलेलं. प्रेशर पूर्ण सोडल्याशिवाय त्या बोल्टांना पाना लावायचा नाही. स्कायड्रॉल डोळ्यांत गेलं तर भाजल्यासारखं होतं, लगेच भरपूर पाण्याने धुवा. शॉपमध्ये कॅडमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, दोन्ही कॅन्सर करणारे. कॅडमियमचा मुलामा कोरड्या सँडपेपरने घासायचा नाही, मास्क गळ्यात नाही, नाकावर घालायचा, आणि हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. चांगल्या शॉपमध्ये कामगारांची नियमित रक्त-लघवी तपासणी होते.

पिनांबद्दल एक प्रसंग सांगतो, कारण तो शिकवायला माझ्या माहितीत सगळ्यात उत्तम आहे. १८ जून २०२१, हीथ्रो. ब्रिटिश एअरवेजचं ७८७-८ स्टँडवर उभं होतं, माल चढत होता. एक फॉल्ट मेसेज क्लिअर करण्यासाठी गिअरचा लिव्हर वर करायचा होता, त्याआधी सगळ्या गिअरना ग्राउंड लॉक पिना, म्हणजे जमिनीवर गिअर दुमडू न देणाऱ्या पिना, हव्यात. नोज गिअरच्या, म्हणजे नाकाखालच्या पायाच्या, पिनेची जागा उंचावर. मुख्य इंजिनिअरचा हात पोचेना, म्हणून त्याने बोटाने जागा दाखवली आणि उंच सहकाऱ्याने पिन घातली. पण योग्य भोकाच्या शेजारीच ॲपेक्स पिन नावाच्या, जोडातल्या कायमच्या पिनेचं पोकळ तोंड आहे आणि लॉक पिन त्यातही छान बसते. लिव्हर वर गेला, मेन गिअर जागेवर राहिले, नोज गिअर आत गेला आणि विमान नाकावर बसलं. जखमा किरकोळ होत्या. ते चुकीचं भोक बुजवणारी बुश बसवायचा आदेश २०२० मध्येच लागू झाला होता, पण मुदत शिल्लक होती आणि त्या विमानावर ती बसलेली नव्हती. पिन घातल्यावर लाल पट्टी लोंबताना दिसते, सगळ्यांना समाधान वाटतं. माझ्या शिफ्टला मी सांगतो की पट्टी मोजू नका. ज्याने पिन घातली नाही त्याने शिडी लावून वर जायचं आणि पिन नेमकी कशातून गेली आहे ते बघायचं.

कागदाचं थोडक्यात. गिअरच्या प्रत्येक मर्यादित आयुष्याच्या भागाचा जन्मापासूनचा हिशेब लागतो: कुठल्या विमानावर होता, किती लँडिंग झाली. मधली दोन वर्षं सापडत नसतील तर धडधाकट भागही वापरता येत नाही. मी काम केलेल्या एका कंपनीत मॅनेजरने असा भाग ‘बघून घेऊ’ म्हणून बसवायचा आग्रह धरला होता. नियमावलीचं पान समोर ठेवल्यावर तो गप्प झाला, माझी बढती मात्र वर्षभर लांबली. असं होतं. तयारी ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचं, बी१.१ हे देखभाल इंजिनिअरचं लायसन्स काढून विमान उड्डाणाला सोडण्याची सही करायची असेल तर चालू विमानावरचा अनुभव लागतोच, नुसत्या शॉपवर ते भागणार नाही. शॉपमध्ये सही त्या संस्थेने दिलेल्या अधिकारावर चालते आणि संस्था सोडली की तो अधिकार तिथेच राहतो. ही शॉपची खरी उणी बाजू आहे, मित्र सांगतात ती नव्हे. उलट बाजूने, प्लेटिंग, ग्राइंडिंग आणि एनडीटी (भाग न मोडता तडे शोधणाऱ्या तपासण्या) कळणारी माणसं कमी आहेत. आपल्या एअरलाइन्सचे बरेच गिअर ओव्हरहॉलला अजून परदेशात जातात. सिंगापूर, ब्रिटनमधलं ग्लॉस्टर, मायामी ही या कामाची जुनी ठिकाणं. ज्याच्याकडे मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीचं लेव्हल टू प्रमाणपत्र आणि चार-पाच वर्षं गिअरवरचा हात आहे, त्याला तिकडे विचारतात.

माझं मत विचाराल तर आधी शॉप, मग हँगर. ज्याने गिअर आतून उघडलेला पाहिलाय तो लाइनवर गळका सील बघून सांगू शकतो की हे आज रात्री करायचं की पुढच्या मोठ्या तपासणीला (सी-चेकला). उलट क्रमाने आलेली माणसं बहुतेक वेळा पुस्तकाबाहेर बघत नाहीत. पण वय पंचविशीच्या पुढे असेल आणि लायसन्सच्या परीक्षा अर्ध्यावर असतील तर लाइन किंवा हँगर घ्या, नागपूरच्या मिहानसारख्या ठिकाणी अर्ज टाका आणि परीक्षा संपवा.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्यांना चार गोष्टी विचारा. सीएआर-१४५ ची, म्हणजे देखभाल संस्थेला डीजीसीए देतं ती, मंजुरी कुठल्या गिअरसाठी आहे आणि पूर्ण ओव्हरहॉलची आहे की फक्त दुरुस्तीची? प्लेटिंग आणि एनडीटी स्वतःकडे होतं की बाहेर पाठवतात? बाहेर पाठवत असतील तर तुम्ही शिकाल ते सुटं करणं आणि जोडणं एवढंच. कॅडमियम-क्रोमच्या वैद्यकीय तपासणीचा खर्च कोण करतं? आणि दोन वर्षांनी हँगरला बदली मिळते का? शेवटच्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.